मयत आश्रुबांचा डावा अंगठा

मा. संपादक यांस,

आपल्या मासिकातील गूढ अनुभवांचे हे सदर तातडीने बंद करावे, अशी मागणी करणारी तीन पत्रे मी आपणांस यापूर्वी रजिस्टर्ड पोस्टाने पाठविली होती. पोचपावत्या माझ्याकडे आहेत. तिसऱ्या पत्रासोबत जादूटोणाविरोधी कायद्याची प्रत जोडून, ‘सुशिक्षित वाचकांच्या डोक्यात हा कचरा भरण्याचा परवाना आपणांस कोणी दिला?’ असा प्रश्न लाल शाईने अधोरेखित केला होता. त्या पत्रांतील एकही शब्द मी मागे घेत नाही. भूत, चकवा, हडळ यांवर माझा विश्वास पूर्वी नव्हता आणि आजही नाही... तरीही त्याच सदरासाठी आज मी लिहीत आहे. कारण जे घडले ते लिहून देण्यास दुसरी जागा उरलेली नाही. इतर सर्व ठिकाणी मी लिहून पाहिले आहे.

प्रथम माझी ओळख. मूळ गाव चकलांबा, हल्ली मुक्काम बीड. बत्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात कारकुनी केली. जबाब, शपथपत्रे, पंचनामे यांच्याच सहवासात केस पांढरे झाले. निवृत्तीनंतर गरजूंचे अर्ज विनामूल्य लिहून देतो. माझ्या खांद्याच्या पिशवीत कोरे कागद, कार्बन आणि अंगठा उठविण्यासाठी शाईचा पॅड कायम असतो. अन्याय दिसला की माझे डोके तापते, आणि डोके तापले की मी लिहितो. घरातील लोक या सवयीला आजार म्हणतात.

आता घटना. वाचकांना शेवटपर्यंत ताटकळत ठेवण्याची या सदरातील लेखकांची युक्ती मला मान्य नसल्याने मुख्य गोष्ट आधीच सांगतो — ज्या इसमाशी मी भर दुपारी सुमारे अर्धा तास बोललो, ज्याचा अंगठा मी स्वतः धरून कागदावर उठविला, तो इसम त्यापूर्वी सव्वा वर्ष मयत झालेला होता.

डिसेंबर महिना होता. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले होते. माझा मेहुणा लिंबराज — पत्नीचा धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक — म्हणाला, "दाजी, रोज त्याच त्या गल्लीत चकरा मारण्यापरीस एक दिवस डोंगरात जाऊ." बालाघाटाच्या डोंगरातील एका अभयारण्यात पर्यटकांसाठी पायवाट आखलेली आहे. सकाळी निघावे, माळ, ओढा, दरीचे टोक पाहून दिवस मावळायच्या आत परत यावे, अशी ती वाट. अभयारण्याचे नाव मी मुद्दामच देत नाही. कोणावर ठपका ठेवण्यासाठी हे लेखन नाही. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेतला, तिथून जीपने पुढे.

"फिराया चाललोत का सुनावणीला?" माझ्या पिशवीकडे बघत लिंबराज म्हणाला. "ही कावून घेतली संगं?"

"असू दे."

"आसू दे म्हणा. एखाद्या मोरानं लांडोरीवर दावा लावला तर?"

प्रवेशद्वाराच्या फलकावर वाटेची लांबी एक आणि आतील नकाशावर दुसरीच. मी वही काढून दोन्ही आकडे टिपले. लिंबराज तेथील रखवालदारास म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव मातर सांगू नका. पत्र येतंय बगा घरी."

वाट सुंदर होती, हे कबूल केले पाहिजे. माळावर गुडघाभर वाळलेले पिवळे गवत, त्यातून खडकाळ पायवाट, मधूनच मोरांचे ओरडणे. थंडी असूनही ऊन अंगाला गोड लागत होते. ओढा आटत आला होता, तरी वळणावरील डोहात पाणी होते. तिथे एका कडुनिंबाखाली लिंबराजने बूट काढले आणि भाकरी खाऊन आडवा झाला. मला दुपारी झोप लागत नाही. दोनशे पावलांवर चढावर घरे दिसली, म्हणून मी एकटाच तिकडे गेलो.

दहा-बारा घरांची वस्ती. सर्व दारांना कुलपे. शेळ्यांनी आत शिरू नये म्हणून दारांवर बोराटीच्या काटेरी फांद्या लावलेल्या. आपल्या जिल्ह्यातील माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही — गाव ऊसतोडीला गेले होते. चूल, पोरे, बैल, कोयता, सगळे घेऊन.

शेवटच्या घराच्या ओट्यावर मात्र एक वृद्ध गृहस्थ बसलेले होते. धोतर, मळकी बंडी, डोक्याला पटका. त्यांच्या पाठीमागे दाराला कुलूप.

"राम राम, पाव्हणं," तेच प्रथम म्हणाले.

"राम राम. एकटेच राहिलात?"

"गाव उसाला गेलंय. सून बी गेलीया. मी हाय." मग त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केले. "लिवायचं काम करता जणू?"

"आयुष्यभर तेच केलं."

"मंग येक अर्ज लिवा. माझं नाव काढाया लागलेत जमिनीवरचं. मयत म्हून. चावडीवर कागद डकवलाय."

संपादक महाशय, माझे डोके त्याच क्षणी तापले. जिवंत माणसाला कागदावर मारून जमीन लाटण्याची प्रकरणे मी न्यायालयात स्वतः हाताळलेली आहेत. मी तिथेच दगडावर बसलो आणि कागद काढला.

"आता तुमीच सांगा," म्हातारबाबा म्हणाले, "मी हाय का न्हाई?"

"आहात ना! समोर दिसता आहात मला."

"मंग तेवढंच लिवा."

मी नाव विचारले. आश्रुबा. वडिलांचे नाव सांगितले, गाव सांगितले. वय विचारता हसून म्हणाले, "तुमीच लावा आदमासे." आधार कार्ड मागितले, तर म्हणाले, "घरात हाय. चावी सुनंकडं." जो माणूस स्वतःच्या घराबाहेर कुलपाकडे पाठ करून बसला आहे, तो रात्री निजतो कुठे, जेवतो काय... हा साधा प्रश्न बत्तीस वर्षे उलटतपासण्या ऐकलेल्या माणसाला सुचू नये? मला सुचला नाही. मी रागावलेलो होतो, आणि रागावल्यावर मला फक्त मजकूर दिसतो, माणूस दिसत नाही.

मी लिहिले — ‘मी सदर इसमास समक्ष पाहिले असून ते हयात आहेत. सबब त्यांच्या नावावरील जमिनीस वारसांची नावे लावण्यास सक्त मनाई करण्यात यावी.’ वाचून दाखविले. त्यांनी मान हलविली, की हलविली असे मला वाटले. डावा अंगठा शाईवर टेकवून मी तो कागदावर नीट फिरवून उठविला. अंगठा थंड होता. डिसेंबरात म्हाताऱ्या माणसाचा अंगठा थंडच असतो.

कागदाला दुसरा साक्षीदार हवा. "इथेच बसा," असे सांगून मी कडुनिंबाखाली आलो.

"लिंबराज, सही कर."

"कशावर?"

"एका जिवंत माणसाला कागदावर मारताहेत."

"मारू द्या की, कागदावरच तर मारायलेत," असे म्हणत त्याने झोपेतच कुशीवर वळून सही ठोकली. ना वाचले, ना उठून पाहिले. मीही त्याला उठविले नाही. आमच्या घरात तशीच पद्धत आहे. दाजींनी कागद पुढे केला की सही करायची. परक्या कोणी अशी सही केली असती, तर त्याच्यावर मीच चार पाने लिहिली असती.

परत गेलो तेव्हा ओटा रिकामा होता. शेळ्यांमागे गेले असतील, असे समजून मी निघालो. पुढची वाट दरीच्या कडेने जाते. दूरवर पालीच्या बाजूला बिंदुसरा धरणाचे पाणी उन्हात चमकत होते, असे लिंबराजने नंतर सांगितले. मी ते पाहिले नाही. मी मनात तक्रारीचा मसुदा करीत होतो.

दुसऱ्याच दिवशी अर्ज गेला. तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील, जिल्हा, सर्वांना प्रती. माहितीच्या अधिकारात मृत्यूची नोंद मागविली. नोंदीतील वय आणि आधारवरील वय यांत फरक निघाला. बस्स! असा फरक आपल्याकडे दर दुसऱ्या म्हाताऱ्याच्या कागदात असतो, हे मला चांगले ठाऊक आहे. तरीही त्यावर मी असा घणाघाती मजकूर लिहिला की वारस नोंद थांबली. स्थळ पाहणीच्या दिवशी मी कर्मचाऱ्यांना घेऊन त्या ओट्यापाशी गेलो. कोणी नव्हते. ओट्यावर पाखरांची विष्ठा होती. मी तिथेच दुसरा निष्कर्ष काढला — वारसांनी वृद्धास दडवून ठेवले! त्याच आशयाचे पत्र पोलीस ठाण्यास दिले.

त्या पत्रामुळे आश्रुबांच्या सुनेला कारखान्याच्या थळावरून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तळावरून, चौकशीला बोलावले गेले, आणि पुढे सुनावणीलाही. एवढे माझ्या एका पत्राने झाले.

सुनावणीला मंडळ अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी प्रथम लिंबराजला विचारले.

"ही सही तुमची?"

"माझीच हाय."

"तुम्ही आश्रुबांना पाहिलं?"

"न्हाई म्याडम."

"मग सही कशी केली?"

"दाजींनी दिलेला कागद म्या आजवर वाचलेला न्हाई. माझ्या लग्नाची यादी बी त्यांनीच केलती. तवा बी न्हाई वाचली." खोलीत हशा पिकला. "आन म्याडम, बुटं काढल्याली व्हती म्या."

मग गावातील दोघांचे जबाब झाले. आश्रुबा माझ्या भेटीच्या सव्वा वर्ष आधी, श्रावणात वारले. सगळ्या गावाने खांदा दिला. दोघांपैकी एकानेही शब्द फिरवला नाही, एकाचीही नजर चुकली नाही. खोटे साक्षीदार मी हजारांनी पाहिले आहेत. हे खोटे नव्हते.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आश्रुबांची सून, शिवकन्या. पस्तिशीची असेल. बोटांना उसाच्या पाचटाने चिरा पडलेल्या. मुली आजोळी ठेवून एकटी आली होती.

"तुमीच का ते काका?"

"होय."

"कागद दावा बरं."

मी प्रत दिली. मजकूर तिने वाचलाच नाही. अंगठ्यावर बोट ठेवले. ठशाच्या मधोमध एक तिरकी रेघ गेलेली आहे.

"ह्यो इळ्यानं कापलेला. म्या हळद भरलती," ती म्हणाली. "मामांचाच हाय." सासऱ्यांना ती मामा म्हणत असे.

बुडत्या माणसासारखा मी तो शब्द धरला. "म्हणजे तुम्ही मान्य करता की—"

"काय मान्य करू, काका? म्या सोता आंगोळ घातली त्यास्नी. ह्या हातानं. ह्योच अंगठा पुसलाय म्या." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरे वाटले असते. "नवरा गेला तवा भाऊ म्हणला माहेराला चल. म्या न्हाई गेले. म्हाताऱ्याला कोण बघंल म्हून राह्यले. धा वर्सं केलं त्यांचं. आन दिसायचं तर तुमाला? मला कावून न्हाई?"

मी चष्मा पुसला.

"औंदा नाव लागलं आसतं तर हिरीचा अर्ज केला आसता," ती म्हणाली. "पाणी लागलं की कोयता सोडायचा, असं ठरिवलं व्हतं. थोरली सातवीत हाय. थळावर शाळा कुटली? आता ही तारीख, मंग ती तारीख... पोरी बी कोयताच धरणार, दुसरं काय." कागदाची घडी करून तिने माझ्या हातात दिली. "तुमी वाईट न्हाईत, काका. पर लई लिवता."

सुट्टीनंतर मंडळ अधिकारी बाईंनी मला जवळची खुर्ची दिली आणि सौम्यपणे परिस्थिती सांगितली. मृत्यू तर शाबीत आहे. परंतु माझ्या पत्रांमुळे पोलिसांतही प्रकरण गेले आहे, त्यामुळे हा अंगठा कोणाचा याचा खुलासा झाल्याशिवाय त्यांना फाईल बंद करता येत नाही. एक तर अंगठा तज्ज्ञांकडे जाईल. जुन्या खरेदीखतावरील अंगठ्याशी ताडून पाहतील. अहवाल केव्हा येईल ते त्यांना सांगता येत नव्हते. नाहीतर मी लेखी द्यावे की माझी चूक झाली, भेटलेला इसम कोणी दुसराच होता.

मला तज्ज्ञ हवे होते! ओरडून सांगावेसे वाटले — पाठवा, ताडून पाहा! जगात मला वेडा न ठरविणारी तेवढी एकच वस्तू त्या फाईलमध्ये होती. अंगठा जुळला असता, तर मी खोटे बोललो नाही, मला भ्रम झाला नाही, हे शासकीय कागदावर आले असते. आणि अहवाल येईपर्यंत त्या बाईने आणखी किती हंगाम कोयता चालविला असता, याचा हिशेब कोणत्याही तज्ज्ञाने दिला नसता.

लिंबराज मागून कुजबुजला, "दाजी, द्या लिवून. आयुष्यात येकदा तरी हरा."

मी पेन काढला. लिहिले — ‘मला भेटलेला इसम आश्रुबा नव्हते. सदरची माझी नजरचूक होती. हरकत मागे घेत आहे.’ या तीन वाक्यांपैकी तिसरेच काय ते खरे आहे. पहिली दोन खोटी आहेत, ती मी समजून उमजून, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिली, आणि खाली सही केली. जन्मभर लोकांचे खोटे जबाब पाहून ज्याच्या मस्तकात तिडीक गेली, त्या माणसाचा हा पहिला खोटा जबाब. त्यावर चिडायचे तर कोणावर? तक्रार करायची तर कोणत्या कार्यालयात? त्या दिवशी घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे कागद समोर घेऊन बसलो. पत्नीने दोनदा जेवायला हाक मारली. ‘प्रति,’ याच्यापुढे एकही शब्द सुचला नाही.

नोंद यथावकाश मंजूर झाली. सातबाऱ्यावर शिवकन्या आणि तिच्या दोन मुलींची नावे लागली.

परंतु मला या सदराकडे यावे लागले ते जबाबामुळे नव्हे. त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना तिने मला थांबविले होते. लिंबराज रिक्षा बघायला पुढे गेला होता.

"काका, आता कागद झाला. आता खरं सांगा. माझं नाव लागू नये म्हून आल्ते का ते?"

एवढा वेळ हा प्रश्न घेऊन ती उभी होती, हे मला तेव्हा कळले. जमिनीचे तिला एक दुःख होते आणि हे दुसरे. मी डोळे मिटून तो ओटा आठवला, त्यांचे शब्द आठवले, एकेक करून, शपथेवर सांगावेत तसे. मनाईचे वाक्य त्यांच्या तोंडून आले नव्हते. ‘सक्त’ हा शब्दही माझा होता.

"नाही," मी म्हणालो. "तुमच्याविरुद्ध ते एक अक्षर बोलले नाहीत. मनाईची मागणी माझी. रागाच्या भरात मीच घातली. ते फक्त म्हणत होते की मी आहे."

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "जित्ते असताना बी आसंच करायचे. आमी उसाला निघालो की ओट्यावर बसायचे. गाडी वळंस्तोर म्हणायचे, मी हाय इथं, मी हाय."

हा खुलासा कायद्याच्या कोणत्याही कसोटीवर टिकणार नाही, आणि मी तो स्वीकारलेलाही नाही. दुसरा माझ्यापाशी नाही. आपल्या वाचकांपैकी कोणाजवळ असेल, तर त्यांनी तो मला कळवावा. फक्त त्या म्हाताऱ्या माणसाचा अपमान होईल असे काही लिहू नये, एवढी विनंती आहे. ही तक्रार नाही.